नैराश्य नाही, तरीही कशातच राम वाटत नाही

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाच्या तीन बाजू मांडणारी होती, म्हणून ती येथे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटू नये यासाठी काही तपशील वगळले आहेत.

प्रश्न : आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. मी ४७ वर्षांची असून एका बँकेत नोकरी करते. आम्ही सहकारनगरला राहतो. पती समजूतदार आहेत, मुलगा गेल्या जूनपासून शिक्षणासाठी बंगळूरला असतो आणि सासूबाई आमच्याजवळ आहेत. तक्रार करावी असे काही नाही, तरीही सहा-सात महिन्यांपासून कशातच राम वाटत नाही. डबे, बँक, सासूबाईंची औषधे, सणवार यांपैकी काहीही अडलेले नाही. मात्र दर रविवारी मैत्रिणींबरोबर तळजाई टेकडीवर जात असे, ते बंद झाले. पेटीचा क्लास सोडला. पहाटे चारला जाग येते आणि मग छताकडे पाहत पडून राहते. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. माझे ८ गुण आले. ‘तुम्हाला नैराश्य नाही, काळजी करू नका,’ असे ते म्हणाले. घरी येईपर्यंत हायसे वाटले आणि रात्री रडू आले. आजार नाही, तर मग मी आळशी झाले आहे का? धाकटी बहीण म्हणते, ‘सुखाचा जीव दुःखात घालू नकोस.’ तिचे बरोबर असेल का?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : ‘घरी येईपर्यंत हायसे वाटले आणि रात्री रडू आले’ या तुमच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. डॉक्टरांनी जे सांगितले ते खरे होते, पण अपुरे होते, आणि उरलेली जागा तुम्ही स्वतःला दोष देऊन भरून काढलीत. तुम्ही आळशी झालेल्या नाही. तुम्हाला त्रास होतो आहे आणि त्या त्रासाची दखल घ्यायला हवी, हे आधी स्पष्टपणे सांगते. ‘नैराश्य नाही’ या शब्दांचा नेमका अर्थ काय, तो आता पाहू.

तुम्ही भरलेला कागद बहुधा पीएचक्यू-९ या नावाची प्रश्नावली असावी. गेल्या दोन आठवड्यांत उदासी, कशात रस न वाटणे, झोप, थकवा, भूक, स्वतःविषयीचे वाईट विचार, एकाग्रता, हालचालींतील मंदपणा किंवा अस्वस्थता आणि मृत्यूचे विचार यांपैकी काय किती दिवस जाणवले, हे ती विचारते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण असतात आणि एकूण गुण २७ असतात. ५ ते ९ गुण आले तर लक्षणे सौम्य मानली जातात आणि १० किंवा त्याहून अधिक आले तर सविस्तर तपासणी करावी, असा संकेत आहे. याचा अर्थ असा की, तुमचे ८ गुण निरोगीपणाच्या रकान्यात पडत नाहीत. ‘सौम्य लक्षणे आहेत’ असे त्या कागदाचे म्हणणे आहे आणि ते तुम्हाला कोणी सांगितले नाही, याचे मला वाईट वाटते.

‘नैराश्य आहे’ आणि ‘नैराश्य नाही’ यांच्यामधली ही निदानाची रेषा कोठून आली, हेही तुम्हाला ठाऊक असावे. ती कोणत्याही रक्तचाचणीतून निघालेली नाही. तज्ज्ञांनी एकत्र बसून, अनुभव आणि उपलब्ध अभ्यास यांच्या आधारे ती ठरवली आहे आणि वेळोवेळी सरकवलीही आहे. १९७२ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथील मनोविकारतज्ज्ञांनी जे निकष प्रसिद्ध केले, त्यांत लक्षणे किमान एक महिना असावीत अशी अट होती. १९८० साली अमेरिकी निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत ती मुदत दोन आठवड्यांवर आली. आजची अमेरिकी पुस्तिका नऊपैकी पाच लक्षणे मागते. भारतात दीर्घकाळ वापरात असलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणात मात्र सौम्य नैराश्याच्या निदानाला चार लक्षणे पुरत असत आणि जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये दहापैकी पाच लक्षणे लागतात. चार लक्षणे असलेली एकच व्यक्ती एका पुस्तकाप्रमाणे आजारी आणि दुसऱ्या पुस्तकाप्रमाणे आजारी नाही, असे यातून घडू शकते. तिच्या पहाटेच्या चार वाजण्यात यामुळे काहीच फरक पडत नाही.

ही रेषा निरुपयोगी आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. कोणाला औषध द्यावे, कोणाला थांबून पाहावे, अभ्यासात कोणाची गणना करावी हे ठरवायला ती हवीच. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात त्या वेळी नैराश्याचा आजार असलेल्या प्रौढांचे प्रमाण २.७ टक्के आढळले. रेषेच्या अलीकडे राहिलेल्या तुमच्यासारख्या व्यक्ती त्या आकड्यात येत नाहीत. रेषा मोजणीसाठी आणि उपचारांच्या निर्णयासाठी आखलेली आहे. कोणाचे दुःख खरे आणि कोणाचे नाही, हे ठरवण्याचे काम तिच्यावर कोणी सोपवलेले नाही.

थोडे शब्दाविषयीही लिहिते, कारण माझ्याकडे येणारी माणसे याच शब्दापाशी अडखळताना मी पाहिली आहेत. ‘नैराश्य’ हा शब्द निराशेपासून आला आहे आणि त्यामुळे ज्याला सगळीकडे अंधार दिसतो त्यालाच तो लागू पडतो, असे वाटते. तुम्ही निराश नाही. मुलाचे चांगले होईल, घर चालेल, हे तुम्हाला ठाऊक आहे. गेला आहे तो हुरूप. पूर्वी पेटीवर बोट ठेवताच मनात जे काही हलत असे, ते हलेनासे झाले आहे. सुखाच्या गोष्टींतून सुख न मिळणे हे मानसशास्त्राच्या दृष्टीने उदासीइतकेच महत्त्वाचे लक्षण आहे. निदानाच्या नियमांत या दोहोंपैकी एक असणे अनिवार्य असते. तुमच्या भगिनींच्या बोलण्यात माया आहे, यात शंका नाही. पण ज्याला सुखाची चवच लागत नाही, तो सुखाचा जीव दुःखात कसा घालणार?

याकडे आताच लक्ष देण्याला एक ठोस कारण आहे. अशी सौम्य लक्षणे असणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे मळभ आपोआप निवळते, परंतु काही जणांची वाटचाल पूर्ण आजाराकडे होते, आणि तो धोका लक्षणे नसलेल्या माणसापेक्षा निश्चितच जास्त असतो. तो कमी करता येतो, हीही सिद्ध झालेली गोष्ट आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात निदानाच्या रेषेच्या अलीकडे असलेल्या ४०६ प्रौढांना दोन गटांत विभागले होते. एका गटाला विचार आणि वर्तन यांवर काम करणारा, मार्गदर्शकाची साथ असलेला इंटरनेटवरील स्वमदतीचा कार्यक्रम दिला, तर दुसऱ्याला केवळ माहिती दिली. वर्षभरात पहिल्या गटातील २७ टक्के आणि दुसऱ्या गटातील ४१ टक्के व्यक्तींना नैराश्याचा आजार झाला. दोन्ही आकडे लक्षात ठेवा : मदत घेऊनही काही जण आजारी पडले, पण मदत न मिळालेल्यांपेक्षा ते बरेच कमी होते.

आता काय करायचे ते सांगते. पहिली पायरी शरीराची आहे. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि जीवनसत्त्व बी-१२ या तीन तपासण्या झाल्या नसतील तर करून घ्या. थायरॉइडचे, म्हणजे अवटुग्रंथीचे काम मंदावले, रक्त कमी असले किंवा बी-१२ घटले की थकवा आणि मरगळ अगदी उदासीचे रूप घेऊन येतात. पुण्यातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे शहर आणि परिसरातील मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी आढळले होते. शाकाहारी घरात तर ही शक्यता गृहीत धरूनच चालावे. कमतरता नसताना मात्र बी-१२ च्या गोळ्यांनी उदासी जाईल, अशी अपेक्षा ठेवू नका. तुमच्या वयात पाळी अनियमित झाली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण रजोनिवृत्तीच्या आसपासच्या वर्षांत झोप बिघडण्याचे आणि मन खचण्याचे प्रमाण वाढते.

दुसरी पायरी कृतीची आहे आणि येथे मी थोडी रेंगाळणार आहे. रविवारी तळजाईला जायचे नाही असे तुम्ही प्रथम ठरवलेत, तेव्हा सुटल्यासारखे वाटले असणार. आवरायचे नाही, हसायचे नाही, बोलायचे नाही. त्या सुटकेमुळे पुढच्या रविवारी नाही म्हणणे सोपे झाले. मग मैत्रिणींनी विचारणे कमी केले असेल, टेकडीवरचा वारा आणि गप्पा आठवड्यातून वजा झाल्या, आणि आठवड्यात केवळ कर्तव्ये उरली. ज्या दिनक्रमात केवळ कर्तव्ये असतात त्यात मन रमत नाही, मन रमत नाही म्हणून आणखी काहीतरी सोडावेसे वाटते, आणि अशा रीतीने पेटीही गेली. हे चक्र तोडण्याच्या उपचाराला इंग्रजीत बिहेव्हिअरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. आपण त्याला कृतिप्रेरणा म्हणू. हुरूप येण्याची वाट न पाहता आधी कृती करायची, आणि हुरूप मागाहून येऊ द्यायचा, एवढेच त्याचे सूत्र आहे. ते ऐकायला किरकोळ वाटते, पण गोव्यात ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच तत्त्वावर आधारलेला सहा ते आठ भेटींचा उपचार, मानसोपचाराची पदवी नसलेल्या परंतु प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून देऊन पाहिला आणि त्याचा स्पष्ट लाभ दिसला. तेथील रुग्णांचे नैराश्य तुमच्या त्रासापेक्षा बरेच तीव्र होते.

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. सकाळ, दुपार आणि रात्र असे दिवसाचे तीन भाग करून प्रत्येक भागात काय केले आणि मन कसे होते, याला दहापैकी गुण देऊन वहीत लिहा. सगळेच दिवस सारखे गेले असे मनाला वाटत असले, तरी वहीत ते क्वचितच सारखे उतरतात. कोठे तीनचे पाच झालेले दिसतात, आणि ते कशाने झाले हे शोधण्यासारखे असते. दुसऱ्या आठवड्यापासून दोनच कृती निवडा, एक आनंदाची आणि एक ‘जमले’ असे वाटायला लावणारी. त्या लहान असू द्या. टेकडीची पूर्ण फेरी नको, एका मैत्रिणीबरोबर पायथ्यापासून पंधरा मिनिटे पुरेत. पेटीचा क्लास पुन्हा लावू नका, पेटी कपाटातून काढून बाहेर ठेवा आणि मंगळवारी व शुक्रवारी रात्री साडेनऊला दहा मिनिटे बसा. वार आणि वेळ ठरवून ठेवणे महत्त्वाचे आहे, कारण त्या क्षणी मनाला विचारले तर ते नाहीच म्हणणार. पहिले काही दिवस आनंद वाटणार नाही आणि तसा तो वाटला नाही म्हणून उपाय फसला असे समजू नका. चार ते सहा आठवड्यांनी वहीतील गुण पुन्हा पाहा. पहाटे जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून मंद उजेडात काहीतरी शांत वाचत बसा, पण सकाळी उठण्याची वेळ रोज एकच ठेवा.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती मला दिसते आहे. डबे, बँक, औषधे, सणवार ही यादी लिहिताना तुम्ही ‘काहीही अडलेले नाही’ असे म्हटले आहे. अडले असते तर घरातल्यांचे लक्ष गेले असते. पती समजूतदार आहेत, तर आठवड्यातील दोन संध्याकाळी स्वयंपाक आणि सासूबाईंच्या औषधांची पूर्ण जबाबदारी त्यांच्याकडे द्या. मदत म्हणून नव्हे, वाटणी म्हणून. पेटीसाठी वेळ कोठून आणायचा, या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे, आणि मी याला उपचाराचाच भाग मानते.

सहा आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरा आणि त्याच डॉक्टरांना दाखवा. मात्र त्याआधी बँकेतील कामात चुका होऊ लागल्या, जेवण तुटले, किंवा जगणे नकोसे वाटणारे विचार एकदा जरी आले, तर सहा आठवडे थांबू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे.

प्रश्न : मी २९ वर्षांचा असून हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे. इंटरनेटवर पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरली तेव्हा ११ गुण आले, तीन आठवड्यांनी ६ आले. खरे काय मानायचे? ऑफिसमधील एका मित्राला डॉक्टरांनी नैराश्यावरच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यातील काही शिल्लक आहेत, त्या घेऊन पाहू का?
— एक वाचक, वाकड

उत्तर : त्या गोळ्या घेऊ नका. कारणे सांगते. इंग्लंडमधील नाइस या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कमी तीव्रतेच्या नैराश्यात, ज्यात रेषेच्या अलीकडील लक्षणेही धरली आहेत, औषध हा सरसकट पहिला उपाय नसावा; रुग्णाची स्वतःची तशी इच्छा असेल तर गोष्ट वेगळी. कारण असे की, लक्षणे सौम्य असतात तेव्हा या औषधांचा परिणाम आणि औषध नसलेल्या गोळीचा परिणाम यांतील अंतर फार थोडे असते आणि ते तीव्रतेबरोबर वाढते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ज्यांच्या आयुष्यात पूर्वी कधी झोपेची गरजच न वाटणारे, अफाट उत्साहाचे, वारेमाप खर्चाचे दिवस येऊन गेले असतील, त्यांना एकटी ही गोळी दिल्यास उन्मादाचा झटका येण्याचा धोका असतो, आणि ते विचारून घेण्याचे काम डॉक्टरांचे आहे, मित्राचे नव्हे. यापूर्वी तुम्हाला तीव्र नैराश्य येऊन गेले असेल, तर सौम्य लक्षणांतही औषधाचा विचार होऊ शकतो. तसे असल्यास मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटा.

गुणांविषयी म्हणाल, तर दोन्ही खरे आहेत. प्रश्नावली केवळ मागील दोन आठवडे पाहते. ११ आले त्या पंधरवड्यात प्रोजेक्टची मुदत, रात्रीची जागरणे, मद्य, भांडण यांपैकी काय होते, ते आठवून लिहून काढा. एकदा ११ येणे म्हणजे निदान नव्हे आणि नंतर ६ येणे म्हणजे सुटका नव्हे. दर दोन दिवसांनी तपासू नका, कारण सतत स्वतःची नाडी पाहत बसणे हेही मनाला थकवते. महिन्यातून एकदा पुरे, आणि दोन वेळा सलग १० च्या वर आले तर माणसाला भेटा, संकेतस्थळाला नव्हे.

प्रश्न : माझे सासरे ७१ वर्षांचे, निवृत्त शिक्षक आहेत. ते रडत नाहीत, जेवतात, पेपर वाचतात, पण त्यांना प्रसन्न झालेले मी लग्नानंतरच्या अठरा वर्षांत पाहिलेले नाही. सगळे म्हणतात, ‘त्यांचा स्वभावच तसा.’ हल्ली ‘माझे आता काय राहिले आहे’ असे वारंवार म्हणतात. डॉक्टरांचे नाव काढले की ‘मला वेड लागलेले नाही’ म्हणून चिडतात.
— एक सून, नारायण पेठ

उत्तर : हे पत्र पहिल्या पत्राच्या नेमके उलट टोकाला आहे. लक्षणे थोडी, पण मुदत अतिशय लांब. उदासी दोन वर्षांहून अधिक काळ, बहुतेक दिवस आणि दिवसाचा बहुतेक वेळ टिकली आणि जोडीला थकवा, कमी आत्मविश्वास, निर्णय घेता न येणे यांसारखी दोन लक्षणे असली, तर त्याला निदान आहे. १९८० पासून त्याला डिस्थायमिया म्हणत आणि आता चिरकालीन नैराश्य म्हणतात. स्वभाव समजून ज्याकडे आयुष्यभर दुर्लक्ष होते, तो आजार बहुधा हाच असतो. अशा माणसाला वरून तीव्र नैराश्याचा झटकाही येऊ शकतो, आणि ‘हल्ली’ हा तुमचा शब्द मला त्यामुळेच काळजीचा वाटतो.

म्हणून ‘आता काय राहिले आहे’ या वाक्यावर विषय बदलू नका. शांतपणे विचारा : ‘बाबा, जगू नये असे वाटते का? स्वतःला काही करून घ्यावे असा विचार येतो का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. उलट, कोणीतरी विचारले याने पुष्कळांचा जीव हलका होतो. उत्तर ‘हो’ असेल, तर त्याच दिवशी मदत घ्या आणि त्यांना एकटे ठेवू नका.

उत्तर ‘नाही’ असले तरी तपासणी हवीच, मात्र तिची सुरुवात नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांपासून करा. ‘झोप आणि थकवा यांसाठी एकदा दाखवून येऊ’ असे सांगणे खोटेही नाही, कारण या वयात रक्तदाब वा अन्य आजारांची औषधे, थायरॉइड, कमी ऐकू येणे, स्मृतीचा आरंभीचा बिघाड, सगळेच पाहावे लागते. पुढे मानसोपचारतज्ज्ञांची गरज पडली आणि खासगी खर्च झेपणारा नसला, तर ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. इतक्या जुन्या उदासीत औषध आणि समुपदेशन दोन्हींचा उपयोग होऊ शकतो. ‘आता या वयात काय’ असे डॉक्टरच म्हणाले, तर दुसरे डॉक्टर पाहा. जाताना ते सध्या घेत असलेल्या सर्व गोळ्या पाकिटांसह बरोबर न्या, आणि तपासणीची पहिली दहा मिनिटे तुम्ही आणि तुमचे पती बाहेर बसा. वर्गासमोर आयुष्य घालवलेल्या माणसाला मुला-सुनेच्या देखत मनातले सांगणे जड जाते. त्यांना आधी एकट्याने बोलू द्या.